लेकरू झोपलं की

"थांबायचं घर काढून टाका, असं म्हणून राहिलेत ते," प्रेमानंद गुरुजींनी सांगितलं आणि चौथीचा वर्ग जमनाकडे पाहू लागला.

'ते' म्हणजे इंग्लंडातल्या एका शाळेतली पोरं. त्यांनी आणि कनेरगाव नाक्याजवळच्या या तांड्यावरच्या पोरांनी मिळून एक खेळ तयार करायचा होता. इथल्या पोरांनी तो रचायचा, तिथल्यांनी कॉम्प्युटरवर बसवायचा. ही योजना कुणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे, पण तिच्यापायी शाळेला एक कॉम्प्युटर मिळाला आणि गुरुजींना दर शनिवारी हिंगोलीच्या इंटरनेट कॅफेत बसायचा नाद लागला. त्यांचं इंग्रजी बेताचंच. तरी डिक्शनरी उशाला घेऊन ते साता समुद्रापलीकडे उत्तरं धाडत होते.

खेळ जमनाचा निवडला गेला होता. तिनं एका पुठ्ठ्यावर तांड्यापासून साखर कारखान्यापर्यंतची वाट आखली होती. फासा टाकायचा, बैलगाडी पुढे न्यायची, ऊस तोडायचा आणि होळीला तांड्यावर परतायचं. आधी परतेल तो जिंकला. वाटेत चिखल होता, साप होता, डोळे वटारलेला मुकादम होता. आणि उसाच्या फडात एक घर होतं, 'लेकरू झोपलं'. तिथं आलं की एक डाव गप बसायचं.

काहून बसायचं, असं गुरुजींनी तेव्हाच विचारलं होतं.

"फडात लेकरू झोपलं की त्याच्यापसून हलायचं न्हाई गुरुजी," जमना म्हणाली होती. "वाळल्या पाल्यात ते दिसत न्हाई. ट्रॅक्टर मागं मागं येतो."

मागच्या हंगामात ती काकीचं लेकरू सांभाळायला फडावर गेली होती. शाळा बुडाली ती थेट होळीपर्यंत. तिथं जे शिकली ते तिनं पुठ्ठ्यावर उतरवलं होतं. पण इंग्लंडातल्या पोरांना नुसतं बसून राहणं कंटाळवाणं वाटलं, आणि गुरुजींनाही पाहुण्यांचं मन मोडवेना. त्यांनी जमनाला समजावलं की तिकडे खेळ भराभर चालतो. ती पुठ्ठ्याकडे पाहत म्हणाली, "तुमी म्हनता तं काढा."

दिवाळी झाली आणि तांडा ऊसतोडीला निघायची तयारी करू लागला. जमनाचा बाप थावरा यंदा तिलाही नेणार होता. घरात तिचा सहा महिन्यांचा भाऊ पेमा होता, आजोबांचं नाव दिलेला. गुरुजींचा जीव खालीवर झाला. पोरगी यंदा गेली की शाळेतून गेलीच, हे त्यांनी अनेकींच्या बाबतीत पाहिलं होतं. ते रोज संध्याकाळी थावराच्या दारात जाऊन बसू लागले. जानेवारीत खेळ तयार होऊन येणार, जमनाचा फोटो परदेशात जाणार, पोरीचं नशीब उघडेल, असं सगळं सांगून झालं.

थावरा ऐकून घ्यायचा आणि तेच विचारायचा, "पोरगी ठिवली तं लेकराला कोन पाहील?"

"फडात एवढी मोठी माणसं असतात की."

"मोठी मानसं ऊस तोडतेत गुरुजी."

शेवटी जमनाची आईच मध्ये पडली. "ऱ्हाऊ द्या तिला बुडी आजीपाशी. पेमाकडं मी पाहीन," ती म्हणाली. "हिचं तरी कायी होऊ द्या."

ट्रक निघाला तेव्हा जमना त्याच्या फाळक्याला धरून आईला काहीतरी परत परत बजावत होती. काय, ते साऱ्या वर्गाला ठाऊक होतं. गुरुजी मात्र खुशीत होते. घरी जाऊन त्यांनी बायकोला, करुणाला, सांगितलं, "आज एक पोरगी वाचवली."

संक्रांतीच्या आधी नाक्यावरच्या ढाब्यात मुकादमाचा फोन आला. आई मोळी वाहायला उठली होती. पेमा पाल्यावर झोपला होता. ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉली मागं घेतली. लेकराला तिथंच बांधाला पुरलं, आणि दुसऱ्या दिवशी आईबाप दोघं पुन्हा फडात उभे राहिले, कारण हंगाम अर्ध्यावर टाकून कुणाला येता येत नाही.

जमनाची आजी मिराबाई शाळेच्या दाराशी आली. ही आता शिव्या घालणार, म्हणून गुरुजी मान खाली घालून उभे राहिले. म्हातारी एवढंच म्हणाली, "तुमी भल्यासाठीच सांगितलं बाबा." आणि निघून गेली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. त्या दिवसापासून त्यांना जमनाच्या तोंडाकडे पाहणं जमेना.

खेळ आला तो ठरल्या वेळी. गुरुजींनी तो सीडीवर उतरवून आणला. परदेशी पाठवायचे फोटो काढायला केंद्रप्रमुखही आले. तांड्यावर उरलेली मोजकी पोरं कॉम्प्युटरभोवती दाटीवाटीनं बसली. खेळ खरोखर देखणा झाला होता. बैल मान डोलवत होते, फासा उड्या मारत होता. फडातलं लेकरू त्यांनी काढून टाकलं नव्हतं. गुलाबी दुपट्यात ते झोपेत हसत होतं. थांबायचा नियम तेवढा नव्हता.

जमना आणि तिच्या वर्गातला देवला खेळायला बसले. गुरुजी मागे भिंतीला टेकून उभे होते. जमनाची गाडी चिखलातून निघाली, सापाला चुकवून फडात शिरली आणि नेमकी त्याच घरात येऊन थांबली. देवलाचा डाव झाला. फासा पुन्हा जमनासाठी उड्या मारू लागला. तिनं माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"खेळ ना बाळ, तुझाच डाव आहे," केंद्रप्रमुख कॅमेरा डोळ्याला लावून म्हणाले.

"न्हाई सर," जमना म्हणाली. "लेकरू झोपलंय."

केंद्रप्रमुखांनी गुरुजींकडे पाहिलं. जमनाच्या नियमानं आता खेळायची पाळी देवलाची होती. त्यानं माऊसकडे पाहिलं, मग जमनाकडे, आणि तोही हात मांडीवर ठेवून बसला. सगळी पोरं तशीच बसून राहिली. थोड्या वेळानं पडदा आपोआप काळा झाला, तरी कुणी हललं नाही.