बाईंसाठी गाडी

गाडी बाईंसाठी घ्यायची होती. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या घरात पुढे नेमकं हेच सगळे सोयीस्कर विसरले.

बाई म्हणजे माझ्या सासूबाई, सुमतीबाई. आळेफाट्याला आमचं कापडाचं दुकान आणि वर राहतं घर. बाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. जिना उतरायचा तो कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. एसटी बंद, जीपमध्ये चढणं तर बंदच. त्यांची थोरली बहीण, जीजी, मंचरला अंथरुणाला खिळलेली. मंचर काही परदेशात नाही, तासाभराचा रस्ता. तरी दीड वर्षं बहिणी भेटल्या नव्हत्या. जीजीला कमी ऐकू यायचं म्हणून बाई फोनवर ओरडून बोलायच्या आणि फोन ठेवला की डोळे पुसायच्या.

शेवटी २००५ च्या दिवाळीनंतर माझे सासरे, जवरीलालजी, एकदाचे बोलले, "गाडी घेऊ. दर रविवारी बहिणीकडे जात जा." त्या दिवशी बाईंनी गोडाची लापशी केली होती.

घोळ पुढे झाला. जी गाडी घ्यायची ठरली तिचं नवं मॉडेल नेमकं तेव्हाच बाजारात आलं. जुनं बंद होणार होतं, पण महिना-दोन महिने दोन्ही मिळत होती. जुनी गाडी उंच, चौकोनी, डब्यासारखी. नवी बसकी आणि चकचकीत, पुढून निमुळती. झालं, अख्खा बाजार सल्ला द्यायला दुकानात येऊन बसला. ज्यांनी आयुष्यात सायकलीपलीकडे काही घेतलं नव्हतं तेही इंजिनावर बोलायला लागले. आमचे कल्पेशराव, म्हणजे माझा नवरा, पेपरातली नव्या गाडीची जाहिरात कापून गल्ल्याजवळ चिकटवून मोकळे.

सासऱ्यांचा कौल आधीच ठरलेला. चाळीस वर्षं कापड विकलेला माणूस तो. 'बंद होणारा माल' म्हटलं की त्यांच्या अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. का होणार नाही? असा माल कसा खपवतात ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत! एकदा मी चहा घेऊन खाली आले तेव्हा पिंपरी पेंढारच्या साळुबाई लुगडं घ्यायला आल्या होत्या. सासऱ्यांनी गठ्ठ्याच्या तळातून एक काढलं. तीन दिवाळ्या पडून होतं ते.

"भाऊ, आसला काठ आता कुनी नेसत न्हाई," साळुबाई म्हणाल्या.

"तुम्ही नेसा, मग बघा साऱ्या विचारतील. असा पक्का माल आता येत नाही."

साळुबाई हसल्या. "तुमी लई ग्वाड बोलता," म्हणाल्या आणि घेतलं. त्या पायरी उतरतात न उतरतात तोच सासरे कल्पेशला म्हणाले, "बंद माल आपण विकतो. घेत नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण बोलायची सोय कुठे होती? आमच्या मारवाडी जैन घरांत सून सासऱ्याशी बोलत नाही. डोक्यावरून पदर पुढे ओढायचा आणि गप्प राहायचं. सासरेही माझ्याशी बोलायचे ते भिंतीकडे बघून, "हर्षाला सांगा, चहा आणायला." आठ वर्षं मी असा भिंतीमार्फत संसार केला.

मग एका सोमवारी शोरूमवाल्यांनी दोन्ही गाड्या आमच्या दुकानासमोर आणून उभ्या केल्या. बघायला हा जमाव. बाईंना खाली आणलं.

आधी जुनी. बाईंनी पाठ केली, खुर्चीवर बसावं तशा सीटवर टेकल्या आणि एकेक पाय आत घेतला. उतरताना दाराला हात लावला आणि उठल्या. कुणाचा हात न धरता, स्वतःच्या स्वतः. माझ्याकडे बघून त्या इतक्या छान हसल्या की काय सांगू!

मग नवी. तिच्यात बाई खाली खाली गेल्या, गुडघे पार छातीशी आले. उतरता येईना. कल्पेशने काखेत हात घालून ओढलं, तेव्हा भर बाजारात बाईंच्या डोक्यावरचा पदर घसरला. गर्दीतून कुणीतरी फिदीफिदी हसलं. बाईंनी पदर सारखा केला आणि खाली बघत उभ्या राहिल्या.

"सवय होईल," सासरे म्हणाले. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, यांचे गुडघे धडधाकट होते.

मग त्यांनी सगळ्यांना विचारलं. कल्पेशला विचारलं, शेजारच्या मेडिकलवाल्याला विचारलं, शोरूमच्या माणसालासुद्धा विचारलं. बाईंना नाही. आणि मग ते माझ्याकडे वळले. भिंतीकडे नाही, माझ्याकडे.

"हर्षा, तुला कुठली बरी वाटते?"

आठ वर्षांत पहिल्यांदा. 'जुनी' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण सगळे बघत होते, सासऱ्यांचा चेहरा फुललेला होता. आणि खोटं कशाला बोलू, मंचर माझं माहेर. त्या चकचकीत गाडीतून आपण माहेरच्या गल्लीत उतरतोय, हे मीही मनात बघून घेतलं होतं.

पदराआडून मी म्हणाले, "नवी."

"बघा!" सासरे जमावाला म्हणाले. "सूनसुद्धा तेच म्हणते." बाई तोवर कठडा धरून जिना चढायला लागल्या होत्या.

गाडी आली, पूजा झाली, पेढे वाटले. पहिल्या रविवारी बाई म्हणाल्या, "आज नको, पाय फार दुखतात." दुसऱ्या रविवारी तेच, तिसऱ्या रविवारी तेच. गाडी लग्नांना गेली, सासऱ्यांच्या मित्रांना घेऊन ओझरला गेली, पण मंचरला काही जाईना. लोक म्हणायला लागले, बाईंच्या नशिबातच सुख नाही, दारात गाडी आणि ह्यांना बसवत नाही! ऐकून माझा जीव जळायचा. मी भांडी आपटायचे, पोळ्या करपवायचे. एकदा कल्पेशवर ओरडले, "आईचे हाल दिसत नाहीत? डोळे फुटलेत का?"

"अगं, पण तूच तर नवी म्हणालीस," तो म्हणाला.

मी आणखी मोठ्याने ओरडले.

महिन्याभराने मंचरहून फोन आला. जीजीने अन्न सोडलं होतं. बाई कुणी सांगायच्या आत साडी बदलून तयार झाल्या. कल्पेशने आणि मी धरून त्यांना गाडीत बसवलं, सासरेही बरोबर निघाले. नारायणगावला टोमॅटोच्या गाड्यांनी रस्ता अडवलेला, तिथेच अर्धा तास गेला. बाई गुडघे छातीशी घेऊन, ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. मंचरला पोचलो तेव्हा त्यांचे पाय आखडून गेले होते. कल्पेश एका बाजूने ओढतोय, सासरे दुसऱ्या दारातून ढकलतायत, गल्ली दारात उभी. अखेर समोरचा हौशीराम धावत आला.

"सरा बाजूला, पावणं! आसं काय वढताय? मानूस हाय, पोतं न्हाई!"

त्याने बाईंना लहान मुलासारखं अलगद उचलून ओट्यावर ठेवलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. ते दुखण्याचं नव्हतं, लाजेचं होतं.

दुपारभर बहिणी हातात हात घेऊन बसल्या. बाईंनी भरवलं तेव्हा जीजीने चार चमचे पेज घेतली. सूर्यास्ताआधी आमची जेवणं उरकली आणि सासरे उठले, "चला, निघू या."

"मी येत नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"त्या गाडीत मी परत बसणार नाही. इथेच राहते, जीजीपाशी."

सासऱ्यांना आधी थट्टा वाटली. मग त्यांचा आवाज चढला. "लोक काय म्हणतील? तुझ्यासाठी एवढी गाडी घेतली!"

तेवढं ऐकलं आणि माझा तोल गेला. डोक्यावरचा पदर मी मागे फेकला आणि सासऱ्यांसमोर उघड्या तोंडाने उभी राहिले. "बाईंसाठी? बाईंना एका शब्दाने तरी विचारलंत का? मेडिकलवाल्याला विचारलंत, शोरूमच्या माणसाला विचारलंत! बसायचं होतं कुणाला? ओढून काढलं आज त्यांना, सगळ्या गल्लीदेखत!"

कल्पेशचं तोंड उघडंच राहिलं. मला आत कुठेतरी बरं वाटत होतं. एकदाचं कुणीतरी बोललं होतं, आणि ती मी होते. मी बाईंकडे बघितलं.

बाई जीजीच्या अंगावरची शाल सारखी करत होत्या.

"ओरडू नकोस, हर्षा, जीजीला त्रास होतो," त्या म्हणाल्या. मग वर न बघता, अगदी सावकाश म्हणाल्या, "मला कुणी विचारलं नाही, ते खरंच आहे. पण तुला विचारलं होतं."