इंग्रजीत लपवलेले मरण

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे, आणि माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच सांगून टाकतो. कोणी मला हातात घेतले की पहिली शंका येते, याला खरेच अर्थ हवा आहे की माझ्यावर गरम भांडे ठेवायचे आहे?

माझा जन्म छापखान्यातला. भंडाऱ्याच्या एका दुकानात मी बरेच दिवस धूळ खात पडलो होतो. तिथून मला चिंधूभाऊंनी उचलले. ते एकोडीहून लाखनीच्या राईस मिलमध्ये हमालीला येत. त्यांचा मुलगा प्रफुल्ल नुकताच इंग्रजी शिकू लागला होता. चिंधूभाऊंनी मला तांदळाच्या रिकाम्या कट्ट्याचे, म्हणजे पोत्याचे, कव्हर घातले आणि मी एकोडीत त्यांच्या घरी राहायला गेलो.

काय थाट होता तेव्हा माझा! कोणाच्या घरी तार आली की लोक थेट प्रफुल्लकडे धावत आणि प्रफुल्ल माझ्याकडे. तारेत बहुतेक एकच शब्द असे, 'एक्स्पायर्ड'. तो जिथे आहे ते माझे पान बोटांनी काळे पडले. एकदा समोरच्या म्हाताऱ्याचा भाऊ गेल्याची तार आली. अर्थ सापडला, पण तो सांगताना प्रफुल्लची जीभ अडखळली. "तब्येत बरी नाई म्हनते," असे तो पुटपुटला.

चिंधूभाऊ कधी आवाज चढवत नसत, पण त्या दिवशी चढवला. "जे लिवलं आहे ते सांग! आता सांगशील तं तो बस पकडन, भावाच्या मातीले पोचन. उद्या सांगून का करशील?" प्रफुल्लने खरे सांगितले. म्हातारा धोतर सावरत फाट्याकडे पळाला आणि वेळेवर पोचला. चिंधूभाऊंच्या पत्नी बायजाबाई दारात उभ्या राहून हे सारे पाहत होत्या.

पुढे तारा बंद झाल्या. चिंधूभाऊ गेले. प्रफुल्ल बँकेत लागला, त्याने लाखनीत घर बांधले, शिक्षिका असलेली रत्नमाला त्याची बायको होऊन आली. अर्थ आता मोबाइल सांगू लागला. टीव्हीच्या टेबलाचा एक पाय आखूड निघाला आणि मला त्याच्याखाली जागा मिळाली. तेव्हापासून मी घरातल्यांची पावले पाहतो आणि बोलणे ऐकतो. संशय वाढायला एवढे पुरे.

माणसांची एक खोड मी तिथेच ओळखली. मरणाला 'मरण' म्हणायची यांना भीती वाटते, म्हणून माझ्यातले शब्द उसने घेतात. कोणी 'ऑफ झाले', कोणी 'पास्ड अवे'. बाहेरच्या माणसाशी बोलायला ते ठीक असेल. पण घरातल्या घरात, म्हातारीसमोर कोणी इंग्रजी फाडू लागले, की समजावे, पाणी मुरते आहे.

परवा सकाळी तेच झाले. बायजाबाई टीव्हीसमोर शेंगा सोलत बसल्या होत्या. फोन वाजला. प्रफुल्ल बोलता बोलता एकदम इंग्रजीत शिरला. "डिमाइज... फ्यूनरल आफ्टरनून... ओके." मग रत्नमालाला हळूच म्हणाला, "डोंट टेल." 'एक्स्पायर' म्हणाला नाही बरे का! तो शब्द आता म्हाताऱ्यांनाही कळतो.

गेल्याच महिन्यात बायजाबाईंच्या हृदयाचे ऑपरेशन झाले होते. मी म्हटले, डॉक्टरांनी यांचेच काही सांगितले की काय? पण मग दुपारची फ्यूनरल कोणाची? शेंगा सोलण्याचा आवाजही थांबला होता. म्हणजे संशय मला एकट्यालाच आला नव्हता.

दोन म्हातारे हात माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी मला ओढून काढले. टीव्ही डगमगला. बायजाबाईंनी मला प्रफुल्लच्या मांडीवर ठेवले.

"फोनवर बोलला तो शबद काढ याच्यातून."

"कायचा शबद, माय? बँकेचं काम होतं."

"बँकेच्या कामानं सून काहून डोये पुसून राहिली?" त्यांनी माझ्यावर बोट ठेवले. "तुह्या बापाच्या वक्तीबी दवाखान्यात तू अशीच इंग्रजी बोलून राहिला होता. माह्या मरनाचं असल तं सांगून टाक, मी भेत नाई. पन दुसऱ्या कोनाचं असल तं मले बस पकडू दे."

प्रफुल्लने मला उघडले. कितीतरी वर्षांनी त्याचे बोट माझ्या पानावरून फिरले, शब्दापाशी थांबले. त्याने खालचा मराठी अर्थ वाचला. "निधन. मरण."

"कोनाचं?"

"जागेश्वरमामाचं. पहाटे. डॉक्टरनं सांगतलं होतं, तुले धक्का बसू देऊ नका. म्हनून माती झाल्यावर सांगनार होतो, माय."

जागेश्वर त्यांचा एकुलता भाऊ, लाखांदूरचा. बायजाबाई खाली बसल्या. रत्नमालाने त्यांना पाणी दिले, पाठीवरून हात फिरवला. त्या खूप रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "पांढरं कापड घे. भावाच्या अंगावर बहिनीनंच टाका लागते." प्रफुल्लने गाडी काढली. मी जमिनीवर तसाच उघडा पडून राहिलो. त्या पोचतील ना, या एकाच काळजीने मला दिवसभर पोखरले.

रात्री त्या परतल्या. थकल्या होत्या, पण शांत होत्या. "चेहरा पाहाले भेटला," एवढेच त्या म्हणाल्या. प्रफुल्लने मला पुसून कपाटात ठेवले. टीव्ही अजून डुगडुगतो, त्यामुळे ही जागा किती दिवस टिकेल याचीही मला शंकाच आहे.

मित्रांनो, घरात माझ्यासारखा जुना शब्दकोश असेल तर त्याला अधूनमधून ऊन दाखवा, वाळवीपासून जपा. आणि कोणी गेल्याची बातमी तुमच्यापाशी आली, तर ज्याचे माणूस गेले त्याला ती त्याच्याच भाषेत सांगा. जवळ बसा, पाणी द्या. पण त्याची बस चुकू देऊ नका.