देवमाशाला केस कुठले?

राधाबाईंनी फळ्यावरचा ‘सस्तन’ हा शब्द ओल्या फडक्याने पुसला आणि त्या जागी ‘केसाळ’ असे लिहिले. शेवटचा ‘ळ’ वाकडा आला.

मुख्याध्यापक गंगाधरपंत दारातच उभे होते. गिरगावातल्या त्यांच्या कन्याशाळेत आज शाळाखात्याचे डिपुटीसाहेब परीक्षा घ्यायला यायचे होते, मुलींचे आईबापही यायचे होते.

“पुस्तकात छापलं म्हणून काय झालं? चारचौघांत मुलींच्या तोंडी असला शब्द नको. केसाळ वर्ग म्हणा.”

“आणि अर्थ विचारला तर?”

“अंगावर केस असणारे प्राणी. आणि बाई, आज काही वेडंवाकडं झालं, तर मला तुम्हाला ठेवता यायचं नाही.”

याहून जास्त बोलायची गरजच नव्हती. नवरा गेल्यापासून राधाबाई या नोकरीच्या आधाराने मुंबईत टिकून होत्या. नोकरी सुटली की चिपळूणचा दीर न्यायला येणार. वहिनींनी केस ठेवल्यामुळे त्याला गावात तोंड दाखवता येत नव्हते म्हणे. न्हावी त्याने केव्हाचाच ठरवून ठेवला होता. राधाबाई घाबरल्या, आणि घाबरलेले माणूस सांगितले तसे वागते. गाय केसाळ, मांजर केसाळ, देवमासाही केसाळच, असे त्यांनी सकाळभर मुलींकडून घोकून घेतले. खोटे शिकवताना घसा सारखा साफ करावा लागतो. त्या खोकत राहिल्या.

दुपारी शाळेचा दिवाणखाना भरला. पुरुष खुर्च्यांवर, बायका मागे जाजमावर. पंतांची सून मृणालिनी तान्ह्या मुलाला पदराखाली घेऊन अगदी कडेला बसली होती. डिपुटीसाहेब मोठे प्रेमळ गृहस्थ होते, आणि प्रेमळ माणसे नेमके अडचणीचे तेच विचारतात. त्यांनी मालन नावाच्या मुलीला पुढे बोलावले.

“शिवडीच्या चिखलात परवा देवमासा वाहून आला होता. तू पाहिलास का गं?”

“हो. बाबांबरोबर गेले होते.”

“मग सांग बरं, तो मासाच ना?”

“नाही. तो केसाळ वर्गातला.”

“केसाळ? अगं, देवमाशाला केस कुठले?”

खुर्च्यांतून कुणीतरी हसले. मालनने राधाबाईंकडे पाहिले. तिचे डोळे भरून आले होते. बाईंनी शिकवले तेच तर ती बोलली होती.

राधाबाई गप्प बसत्या, तर पोर चुकली एवढेच झाले असते. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. दिराचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

“साहेब, ती चुकली नाही. मी चुकीचं शिकवलं. खरा शब्द सस्तन. जे प्राणी पिलांना अंगावर पाजतात, ते सगळे त्या वर्गातले. गाय, मांजर, देवमासा. आणि आपणसुद्धा.”

कुणी पागोटे सारखे केले, कुणी काठीची मूठ निरखू लागले. गंगाधरपंत ताडकन उठले.

“राधाबाई! असलं बोलणं या शाळेत...”

“मामंजी.”

आवाज मागून आला. मृणालिनीने मान खालीच ठेवली होती. सासऱ्यांशी ती आजवर आपणहून एक शब्द बोललेली नव्हती.

“बाळ आजारी पडल्यापासून रोज घरात पाऊल टाकताच तुम्ही काय विचारता? अंगावर पितंय का, हेच ना?”

पंत रागाने तिच्याकडे वळले. सुनेच्या पदराखालून दोन इवली पावले बाहेर आली होती. पंत त्यांच्याकडेच पाहत राहिले.

“मग?” त्यांचा आवाज एकदम घरातला झाला. “आज पितोय का?”

“आत्ताच लागला. चांगला ओढतोय.”

पंत खाली बसले. त्यांनी उपरण्याने तोंड पुसले, डोळे पुसले, पुन्हा तोंड पुसले. मग राधाबाईंकडे न पाहताच म्हणाले,

“मालनचं उत्तर झालं, बाई. पुढची मुलगी उभी करा.”