पॅनेलवरची गोधडी

आमच्या पक्षाचा ऊर्जा आणि हवामानाचा आराखडा चांगला जाडजूड आहे. तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारी लोणावळ्यात बहुधा मी एकटीच. आमचा तालुका सचिव सुहास त्यातलं एकच वाक्य घेऊन गावोगाव फिरतो, "आज जपाल तीच वीज उद्या कामाला येईल." टाळ्या हमखास पडतात.

नेत्यांना दाखवायला सौरऊर्जेचं एक घर हवं होतं. मी बेडशातल्या हनुमंत आबांचं घर सुचवलं. आबांना दमा आहे. त्यांचं वाफेचं मशीन विजेवर चालतं, आणि पावसाळ्यात तिथली लाईट एकदा गेली की परत यायचं नाव घेत नाही. मग आबांच्या पत्नी शकुबाई मावशी नुसती त्यांची पाठ चोळत बसतात. घरामागच्या पत्र्यावर पॅनेल बसलं, घरात बॅटरी आली, तिच्यावर मशीन आणि एक दिवा जोडला. सुहासनं अट घातली, साहेबांसमोर मशीन नीट चाललं तर सगळं आबांकडेच राहील, नाहीतर वराळ्याच्या कार्यालयात नेऊ.

आठवडाभरानं साहेब आले, हारतुरे झाले. सुहासनं बटण दाबलं. मशीन गप्प. पुन्हा दाबलं, तरी गप्प. "चांगला उपक्रम आहे," म्हणून साहेब कार्ल्याच्या सभेला निघून गेले. सुहासनं पॅनेल उतरवायला पिशवीतून पान्हा काढला.

मी शिडी लावून वर चढले. पॅनेलवर नवीकोरी गोधडी होती, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवलेले.

"मावशी, ही कुणी घातली?"

"म्याच. सुहासभाऊंनीच सांगितलं न्हाई का, आज जपली तर उद्या मिळंल म्हनून? टार्चचे शेल वापरलं की संपत्यात. ह्ये बी उन्हानं उगं कशाला झिजवायचं? पावसात यांचा जीव घाबरा हुतो, तवा उघडनार हुते."

सुहास काहीतरी बोलणार होता. मी वरूनच डोळे वटारले.

तेवढ्यात बाजेवरून आबा हळूच म्हणाले, "म्या बी मशीन लवकर बंद करायचो. म्हटलं, बॅटरीतली वीज हिला सैपाकाच्या दिव्याला पुरंल."

मावशी गर्रकन वळल्या. "मला तर म्हनायचात, बरं वाटतंय."

आबा बाजेची सैल दोरी आवळत राहिले.

सुहास पान्हा हातात घेऊन उंबऱ्यावर बसला. "मावशी, ऊन साठवून ठेवायचं नसतं. पॅनेल जेवढं ऊन खाईल तेवढी वीज देतं."

"मंग भाषनात तसं सांगायचं की."

आमचे सचिव वर चढले, गोधडीची नीट घडी करून खाली दिली. मावशींनी चहा टाकला. उन्हं कलेपर्यंत आम्ही तिथंच बसलो. मग मशीन घरघरलं. आबा डोळे मिटून वाफ घेत राहिले, आणि गरज नसतानाही मावशींचा हात त्यांच्या पाठीवर फिरत होता.

आम्ही निघालो तेव्हा मावशी गोधडी छातीशी धरून अंगणात आल्या.

"शहनाज, दिवस मावळल्यावर तरी झाकू का गं? वर लय गारठा पडतो."

मी आराखड्यातलं काही आठवायच्या आत सुहास पान्हा पिशवीत टाकत म्हणाला, "झाका मावशी. सकाळी तेवढी आठवणीनं काढा."