सहाव्या रिळातला माणूस

एका थोर पुढाऱ्यांवरचा जुना चित्रपट दरवर्षी त्यांच्या स्मृतिदिनी आमच्या थिएटरात लागायचा आणि मशीनवर मी असायचो. शेवटी त्यांच्या अंत्ययात्रेच्या दृश्याला लोक ढसाढसा रडायचे. आम्ही मायलेक मात्र त्या अंत्ययात्रेची वर्षभर वाट बघायचो, कारण त्या गर्दीत माझे बाबा होते.

शूटिंगला उभ्या केलेल्या हजार माणसांत हा एकटाच बहाद्दर वळून थेट कॅमेऱ्याकडे बघतो. वर हसतो! दिग्दर्शकाने म्हणे त्यांना यथेच्छ शिव्या घातल्या होत्या. पुढच्याच वर्षी बाबा कारखान्यातल्या अपघातात गेले. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. होती ती ही पाच सेकंदं.

दुपारचा खेळ संपून थिएटर रिकामं झालं की आई पुढच्या रांगेत बसून राहायची आणि मी सहावं रीळ पुन्हा लावायचो. बाबा वळले की ती ओरडायची, "थांबव!"

थांबवायचं नसतं. फिल्म धावती असते तोवरच दिव्याची आच सोसते. थांबली की फोड येतो, चित्र जळतं. मशीन शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी मला कान पिळून हे सांगितलं होतं. पण आईपुढे माझं काय चालणार? मी क्षणभर थांबवायचो, जळलेली चार-पाच चित्रं कापायचो आणि टोकं चिकटवून टाकायचो. अशी बावीस वर्षं गेली. शेवटी शेवटी बाबा वळतात न वळतात तोच नाहीसे व्हायचे.

यंदा चित्रपट संग्रहालयाचे लोक आले. ही एकच प्रत उरली होती. तिच्यावरून ते संगणकावर चालणारी नवी प्रत करणार होते. मला आनंदाने रडू आलं. दिवा नाही, जळणं नाही.

"आता तासभर थांबवतो, मनसोक्त बघ," मी आईला म्हणालो. तिने चष्म्याची काच बदलून घेतली.

नवी प्रत लागली. अंत्ययात्रा आली, गेली. मी मागे नेऊन पुन्हा बघितलं. बाबा नव्हते. तिथूनच नवी प्रत करणाऱ्या तंत्रज्ञाला फोन लावला.

"तिथे एक झटका होता हो," तो म्हणाला. "कुणीतरी मधेच कॅमेऱ्याकडे बघत होतं, अर्धा सेकंदही नाही. डोळ्यांना खुपत होतं, काढून टाकलं. कळतसुद्धा नाही ना?"

"आणि जुनी रिळं?"

"कुजली होती. नष्ट केली."

त्याच्यावर कोणत्या तोंडाने चिडू? पाच सेकंदांचा माणूस कापायला त्याचा हात धजला नसता. बाबांचा झटका मीच केला होता.

मी खाली गेलो. आई अजून पडद्याकडेच बघत होती.

"आज हे आले नाहीत का रे?"

"गर्दी फार आहे, आई."

ती चष्मा पुसत म्हणाली, "पुन्हा एकदा लाव. या वेळी मी थांबव म्हणणार नाही."