तडा मला कळला होता

मित्रांनो, मी एक जुनी लेथ मशीन आहे. लेथ म्हणजे काय हे ठाऊक नसेल, तर सांगते. माझ्या जबड्यात लोखंडाचा गज धरतात. तो गरगर फिरतो, समोरून धारदार पाते टेकवतात आणि गज सोलला जाऊन गोल, गुळगुळीत होतो. तुम्ही शिसपेन्सिलीला टोक करता ना, तसेच काहीसे. माझे वजन आठशे किलो आहे, आवाज मोठा आहे आणि स्वभाव चिडका आहे. स्वभाव पूर्वी बरा होता. गेल्या वर्षी जे घडले, त्याने तो बिघडला.

माझा जन्म पंजाबातल्या बटाला गावचा. तिथून मी आले ती थेट कळमेश्वरच्या एका कारखान्यात. तिथे सव्वीस वर्षे लहानूजी माझ्यावर काम करत. बाकीचे कामगार डोळ्यांनी काम करायचे, लहानूजी कानांनी करायचे. डोळे अर्धवट मिटून ते माझा आवाज ऐकत आणि मोजपट्टी न लावता सांगत की पात्याची धार गेली, किंवा गज वाकडा धरला गेला. इंजिनियर साहेबसुद्धा त्यांना बोलावून विचारायचे. तेव्हा मला फार अभिमान वाटायचा. पण शेजारच्या खोलीत पत्रे ठोकायची मोठी प्रेस दिवसभर दणदण आदळायची आणि कानात कापसाचा बोळासुद्धा कोणी घालत नसे. त्या आवाजाने लहानूजींचे काय होत चालले होते, हे आम्हा कोणालाच कळले नाही.

पुढे कारखाना बंद पडला. आम्हा मशिनींना भंगाराच्या भावात काढले. माझ्या शेजारणीचे गॅसने तुकडे केलेले मी पाहिले आहेत. माझी पाळी आली तेव्हा लहानूजी टेम्पो घेऊन दारात उभे होते. त्यांनी मला इंदोरा वस्तीतल्या आपल्या घरी आणले.

घरामागच्या रिकाम्या जागेत त्यांनी माझ्यासाठी शेड उभारले, आणि त्यात एक वस्तू नवी असेल तर शपथ. पत्रे एका मोडलेल्या लग्नाच्या लॉनवरचे. माझ्या पायाखाली रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर. दार धंतोलीतल्या एका पाडलेल्या दवाखान्याचे, त्यावर अजून ‘क्ष-किरण विभाग’ असे लिहिलेले आहे. शाळेचा जुना बाक अवजारे ठेवायला. मला फिरवायला बंद पडलेल्या चक्कीची मोटार, जी सुरू केली की पहिले आठ दिवस पीठच उडवत होती. आणि पाते तापू नये म्हणून माझ्या अंगावर पाणी सोडायला चक्क कूलरचा पंप! त्यांच्या पत्नी पार्वतीबाई म्हणायच्या की घरात आता माणसांना बसायला जागा नाही, सगळा कबाडखाना झाला. पण दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी, शेडमध्ये मेणबत्ती लावून वंदना झाली, तेव्हा मला हार त्यांनीच घातला.

ती मोटार मात्र फार थरथरायची. स्वस्तातली होती, तिचा तोल गेलेला होता. लहानूजी म्हणायचे, चालते ना, मग झाले.

काही महिन्यांतच मला एक गोष्ट जाणवली. लहानूजी आता डोळे मिटत नव्हते. वाकून वाकून बघायचे. पाते बोथट होऊन मी किंचाळत असले, तरी हात चालूच राहायचा. मित्रांनो, त्यांना ऐकू येईनासे झाले होते. ज्या माणसाची सगळी कारागिरी कानांत होती, त्याचे कानच गेले होते, आणि हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. समोरच्याच्या ओठांकडे बघून ते बोलणे ओळखत आणि नाही कळले की ‘हो, हो’ म्हणत. मला वाटायचे, हे फक्त मलाच ठाऊक आहे. खूप एकटे वाटायचे.

त्यांची मुलगी मेघा. वय एकोणतीस. लहानपणी तापात तिच्या डाव्या पायातली ताकद गेली. मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्या आणि चामडी पट्टे असलेला कॅलिपर बांधला, तरच तिला उभे राहता येते. त्या कॅलिपरला गुडघ्यापाशी एक सांधा असतो आणि सांध्यात बोटाएवढी पिन. सगळा भार त्या पिनवर. चार वर्षे अर्ज केल्यावर मेघाला धरमपेठेतल्या एका वाचनालयात काम मिळाले होते. सोमवारी सकाळी दहाला हजर व्हायचे, नाही आली तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावणार, असे तिला स्पष्ट सांगितले होते.

आणि त्याच्या आधीच्या गुरुवारी ती पिन झिजून निसटली. धंतोलीतल्या दवाखान्यात दाखवले, तर या मापाचा सांधा आता मिळत नाही, नवा कॅलिपर करायला तीन आठवडे लागतील, असे उत्तर मिळाले. मेघा रडली नाही, पण जेवलीही नाही. लहानूजी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, “तीन आठवडे कायले पाहिजे? मी बनवतो. सोमवारी तू उभी राहशीन.”

शुक्रवारी त्यांनी भंगार बाजारातून गजाचा तुकडा आणला. गज पारखायची त्यांची जुनी रीत होती. तो फरशीवर आपटायचा आणि कान द्यायचा. चांगले लोखंड टणकन वाजते. आत तडा असेल तर तडकलेल्या माठासारखा बद्द आवाज येतो. शेडमध्ये येऊन त्यांनी माझ्यासमोर गज आपटला. आवाज बद्द आला. मला स्वच्छ ऐकू आला. लहानूजींनी सवयीने गज आपटला आणि सवयीनेच समाधानाची मान हलवली.

मग गज माझ्या जबड्यात आला. मित्रांनो, यापुढचे सांगताना आजही माझा जीव कासावीस होतो. प्रत्येक फेऱ्याला पाते त्या बारीक तड्यावरून जायचे आणि टक् वाजायचे. टक्, टक्, टक्. डोळ्यांना काही दिसत नव्हते, तेलाने तडा झाकला होता. हाताला कळले असते, पण त्या चक्कीच्या मोटारीची थरथर इतकी, की त्यात सगळे बुडून गेले. मी ओरडत होते. आठशे किलोच्या अंगात जेवढा म्हणून आवाज होता तेवढा काढून ओरडत होते. लहानूजी मन लावून काम करत राहिले. पिन झाली. अशी चकचकीत, की बघत राहावी. त्यांनी ती शर्टाला पुसली आणि लेकीला द्यायला घरात गेले.

सोमवारी वाचनालयाची तिसरी पायरी चढताना पिन तुटली. मेघा पडली आणि डावे मनगट मोडले. दहा वाजता ती धंतोलीत प्लास्टर घालून घेत होती. जागा पुढच्या उमेदवाराला गेली.

मोडलेल्या पिनचे दोन तुकडे घेऊन लहानूजी शेडमध्ये आले. तुटलेल्या जागी अर्धा भाग चमकत होता आणि अर्धा जुना, काळा पडलेला होता, म्हणजे तडा गजात आधीपासूनच होता. त्यांना सगळे समजले. त्यांनी ते तुकडे शाळेच्या बाकावर ठेवले. मग माझ्यावर ताडपत्री टाकली, दाराला कडी लावली आणि अकरा दिवस ते इकडे फिरकले नाहीत. माझ्या अंगावर गंज धरू लागला. मला त्याचे काही वाटत नव्हते. ते जेवत नाहीत, असे पार्वतीबाई शेजारणीला सांगत होत्या, ते पत्र्यातून ऐकू यायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे.

बाराव्या दिवशी लहानूजी भंगारवाल्याला घेऊन आले. त्याने माझ्या कमरेला साखळी बांधली. इतक्यात पार्वतीबाईंनी मेघाला खुर्चीसकट ओढत शेडपर्यंत आणले. तिने उजव्या हाताने वडिलांच्या खांद्याला स्पर्श केला, ते वळले तेव्हा त्यांच्याकडे बघत तिने विचारले, “काहून विकून राहिले बाबा?”

लहानूजी खाली बसले. “मले ऐकू येत नाही, पोरी. चार वर्षं झाले. तुले मीच पाडलं.”

“माहीत आहे बाबा. आईलेबी माहीत आहे. तुमचं मन दुखन म्हणून आम्ही बोललो नाही.” ती पुढे वाकली. “त्या दिवशी मी मागच्या ओट्यावर बसून होती. मशीन टकटक करून राहिली होती. मी ऐकलं. सांगितलं असतं, तर तुमच्या कानांचं आम्हाले माहीत आहे हे तुम्हाले समजलं असतं. म्हणून चूप बसली मी.”

तिघेही रडत होते. भंगारवाल्याने साखळी सोडली आणि तो निघून गेला.

मित्रांनो, मशीनला तेल द्या, पुसत जा, तोल गेलेली मोटार चालवू नका. पण त्याआधी एक करा. तुमच्या घरात कोणाला कमी दिसत असेल, कमी ऐकू येत असेल, तर मायेपोटी गप्प बसू नका. आणि स्वतःचे काही हरवले असेल, तर ते लपवू नका. मी जन्मभर ओरडू शकते, पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.

मग लहानूजींनी पिन पुन्हा करायला घेतली. या वेळी लोखंड दुकानातून, शिक्का पाहून आणले. मोटार दुरुस्त करून घेतली. मेघा माझ्याजवळ खुर्ची टाकून बसली आणि तिने उजवा हात वडिलांच्या पाठीवर ठेवला. माझा सूर जरा बदलला की ती पाठ दाबायची आणि लहानूजी हात थांबवायचे. एका पिनला पूर्ण दिवस लागला.

नोकरी परत आली नाही. पण पिन बसवल्यावर मेघाने उजव्या हाताने पट्टे आवळले, माझी कड धरली आणि हळूहळू सगळा भार डाव्या पायावर टाकला. पार्वतीबाईंनी डोळे मिटून घेतले. लहानूजींचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी विचारले, “काही वाजलं काय वं?”

मेघाने माझी कड सोडली, त्यांच्याकडे तोंड केले आणि सावकाश सांगितले, “नाही बाबा. काहीच नाही वाजलं.”