तीस सेकंदांचा भोंगा

धुक्याचा भोंगा म्हणजे नेमकं काय, हे या बंदरात सून होऊन आल्यावर मला कुणी नीट सांगितलंच नाही. मला वाटायचं, तो नुसता 'सांभाळा' म्हणून ओरडतो. दर तीस सेकंदांनी! सगळा उन्हाळा! आणि घरात सहा महिन्यांची माझी लेक चिहाया.

त्या सकाळी माझा नवरा केन्गो कोंबूची, म्हणजे खाण्याच्या समुद्री शेवाळाची, पानं काढायला होडी घेऊन गेला आणि तासाभरात धुकं उतरलं. भोंगा सुरू. चिहायाला पाठीशी बांधून मी तडक धक्क्यावरच्या भोंग्याच्या खोलीत गेले.

"आजोबा, जरा कमी वाजवा ना! पोर झोपत नाही हो."

"झोपलीये की पाठीवर," भोंगा सांभाळणारे इवामात्सु आजोबा म्हणाले. "आलीच आहेस सूनबाई, तर बस इथे. आपोआप वाजायचं यंत्र बिघडलंय. मी डिझेल आणतो. तीस सेकंद झाले की हा दांडा ओढायचा."

ते गेले. चिहाया चुळबुळली. इशारा तो इशारा, मिनिटातून एकदा दिला तर काय बिघडलं? मी मिनिटाने ओढू लागले. तर ही बया भोकाड पसरून उठली! आता शांतता आहे तर रडतेस?

दहाएक मिनिटांत आजोबा धापा टाकत आले. डब्यातलं अर्धं डिझेल विजारीवर.

"मिनिटाने कुणी सांगितलं तुला?"

"पोर..."

"अगं, मिनिटाचा भोंगा कासवखडकाचा! तो ऐकला की होडी वळवून लांब पळायचं. तुझा नवरा आपल्याच बंदरापासून पळत असेल!"

मी दांडा ओढला. एकोणतीस, तीस, ओढला. आजोबा हात पुढे करत होते, मी सोडला नाही. चार-पाच भोंग्यांतच चिहायाचं रडणं थांबलं. सत्तेचाळीस वेळा मोजलं. मग धुक्यात इंजिनाची फटफट ऐकू आली.

केन्गो खोलीत आला तो निथळत, लाल होऊन. "कोण गाढव बसलं होतं भोंग्यावर? पार खोल समुद्रात गेलो होतो! डिझेल संपलं असतं तर?"

आजोबा डब्याचं झाकण शोधू लागले.

"मी," मी म्हटलं.

त्याने तोंड उघडलं.

"हळू बोल," मी म्हटलं, "झोपलीये ती," आणि तीस झाले म्हणून दांडा ओढला.